राष्ट्रीय ग्रंथालय पाहताना

नागपूरहून निघणाऱ्या आपल्या समाजाच्या सहलींचे मार्ग आता जवळजवळ ठरून गेले आहेत. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही एक वाट. सांची ही दुसरी. अजिंठा-वेरूळ आणि मुंबईची चैत्यभूमी ही तिसरी. निवासी शाळांच्या शैक्षणिक सहलीही बहुधा याच वाटांनी जातात. या स्थळांचे मोल वादातीत आहे. मात्र या यादीत ग्रंथालय सहसा आढळत नाही. ज्या महामानवाने ‘राजगृह’ बांधताना कुटुंबाइतकाच ग्रंथांच्या निवाऱ्याचा विचार केला, त्यांच्या अनुयायांच्या प्रवासयादीत ग्रंथालय नसावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ग्रंथालय ही वाचायची जागा, पाहायची नव्हे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बाबतीत हा समज अपुरा पडतो. ते काय असते, ते कसे पाहावे आणि आपला त्याच्याशी काय संबंध, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

वस्तीतले वाचनालय वाचकांना हवी ती पुस्तके विकत घेते आणि जीर्ण झालेली, मागणी नसलेली पुस्तके कालांतराने काढून टाकते. राष्ट्रीय ग्रंथालयाचा धर्म याच्या उलट आहे. तेथे पुस्तक येते ते कोणाच्या आवडीने नव्हे, तर कायद्याने. आणि एकदा आले की ते कायमचे जतन करायचे असते. भारतात यासाठी १९५४ चा ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायदा आहे. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रांचाही समावेश झाला. या कायद्यानुसार देशात कोणत्याही भाषेत प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवायची असते. आणखी तीन प्रती चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे द्यायच्या असतात. ‘पुस्तक’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या व्यापक आहे. तीत पुस्तिका येते, स्वतंत्रपणे छापलेला नकाशाही येतो. लेखक नामांकित असावा, विषय भारदस्त असावा, कागद उंची असावा, अशी कोणतीही अट तीत नाही.

कोलकात्याच्या या ग्रंथालयाचा इतिहास म्हणजे बंद दारे हळूहळू उघडत गेल्याचा इतिहास आहे. १८३६ मध्ये ‘कलकत्ता पब्लिक लायब्ररी’ स्थापन झाली. पुढे १८९१ मध्ये सरकारी कचेऱ्यांची ग्रंथालये एकत्र करून ‘इंपीरियल लायब्ररी’ उभी राहिली. परंतु तिचा वापर मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता मर्यादित होता. लॉर्ड कर्झनच्या काळात या दोन्ही संग्रहांचे एकत्रीकरण झाले आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये ते ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. १९०७ मध्ये बहुभाषापंडित हरिनाथ डे हे त्याचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कायदा करून ‘इंपीरियल’ हे नाव काढण्यात आले आणि ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ हे नाव आले. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ते अलीपूरच्या बेल्व्हेडिअर या वास्तूत जनतेसाठी खुले झाले. ही वास्तू एकेकाळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचे निवासस्थान होती. जेथे सामान्य माणसाला फाटकाशीही उभे राहता आले नसते, तेथे तो वाचक म्हणून बसू लागला.

नागपूर ते हावडा हा रेल्वेप्रवास सुमारे अकराशे किलोमीटरचा, गोंदिया, रायपूर, बिलासपूर, टाटानगर या मार्गाने होतो. राष्ट्रीय ग्रंथालय अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाजवळ आहे. विस्तीर्ण आवार, जुनी झाडे आणि स्तंभांची उंच पांढरी वास्तू हे बेल्व्हेडिअरचे प्रथमदर्शनी रूप. ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग मात्र आता त्याच आवारातील ‘भाषा भवन’ या नव्या इमारतीत आहे. वीस लाखांहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह भाषावार विभागांत मांडलेला आहे. त्यात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे आणि संस्कृत विभागात पाली व प्राकृत ग्रंथही आहेत. बंगालमध्ये, घरापासून इतक्या दूर, देवनागरीतील मराठी पुस्तकांचा संग्रह आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

येथे फडताळांतून फिरून पुस्तक निवडता येत नाही. सूचीत पुस्तक शोधायचे, त्याचा क्रमांक मागणीपत्रावर लिहायचा, आणि कर्मचारी ते आणून देईपर्यंत थांबायचे, अशी रीत असते. पुस्तक वाचनकक्षातच वाचायचे असते. वाचनकक्षाचे सदस्यत्व प्रौढांसाठी आहे. म्हणून शाळेच्या गटाने आधी पत्र पाठवून भेटीची परवानगी घ्यावी. सोबत ओळखपत्र असावे, सामान थोडे असावे, आणि निघण्यापूर्वी भेटीच्या वेळा व चालू प्रदर्शनांची माहिती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. भेटीआधी प्रत्येक विद्यार्थ्याने सूचीत एक तरी मराठी पुस्तक शोधून त्याचा क्रमांक वहीत लिहून न्यावा. त्यामुळे भेटीला हेतू येतो.

ग्रंथालयातील प्रदर्शन पाहण्याचीही एक पद्धत आहे. वस्तुसंग्रहालयातली मूर्ती चारही बाजूंनी दिसते. ग्रंथ मात्र काचेआड एकाच ठिकाणी उघडलेला असतो. शेकडो पानांपैकी दोनच पाने आपल्याला दिसतात. दालनात उजेड मंद असतो, कारण प्रकाशाने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि शाई फिकी पडते. जुन्या कागदासाठी साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश सुरक्षित मानला जातो. याच कारणाने काही महिन्यांनी पान उलटले जाते किंवा ग्रंथ विश्रांतीसाठी आत नेला जातो. म्हणून घाईने सर्व कपाटे पाहण्यापेक्षा तीन-चार वस्तूंपाशी थांबावे. शेजारची माहितीपट्टी वाचावी आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? कोणी जपले? आणि ते येथे कसे आले? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मजकुराहूनही अधिक शिकवतात.

कोलकात्यापर्यंत गेलेल्या बौद्ध प्रवाशाने आणखी दोन ठिकाणे चुकवू नयेत. पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटी १७८४ मध्ये स्थापन झाली. तिच्या संग्रहात सम्राट अशोकाचा एक शिलालेख आहे. तो राजस्थानातील बैराट येथे १८४० मध्ये सापडला. अशोकाचे बहुतेक लेख प्रजेला किंवा अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. हा लेख भिक्खुसंघाला उद्देशून आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा सांगून सम्राट त्यात सात धम्मग्रंथांची नावे देतो. भिक्खू-भिक्खुनींनी आणि उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत, त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त करतो. राहुलाला केलेला उपदेश हा त्या सातांपैकी एक. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने दगडावर कोरून ठेवलेली ही वाचनयादीच म्हणावी लागेल. आणि तीत गृहस्थ स्त्री-पुरुषांनाही स्थान आहे. तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भारतीय संग्रहालय आहे. तेथे भरहूत स्तूपाचा कठडा व तोरण उभे आहे. शिल्पांखाली ब्राह्मी अक्षरांत जातककथांची आणि दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

दान देणाऱ्याचे नाव आणि ग्रंथ यांचा संबंध दगडापुरता राहिला नाही. त्याचे उत्तम उदाहरण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्लंडला जातात. त्यांना भेटायला गेलेले पालक बाबासाहेबांचे लंडनमधील निवासस्थान पाहतात. त्यांनी ही लायब्ररीही पाहावी. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वर्तुळाकार वाचनगृहात तासन्‌तास वाचत बसत. त्या म्युझियमचा ग्रंथसंग्रह १९७३ मध्ये वेगळा होऊन ब्रिटिश लायब्ररी झाली. तिच्या संग्रहात ‘वज्रच्छेदिका’ या सूत्राची एक चिनी गुंडाळी आहे. लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी सुमारे पाच मीटर लांब असून तिच्यावर छपाईची तारीख आहे : ११ मे ८६८. छपाईची तारीख नोंदलेल्या आणि पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेल्या ग्रंथांमध्ये हा जगातील सर्वांत जुना मानला जातो. चीनमधील तुन-हुआंगच्या लेण्यातील एका बंद कोठडीत तो शतकानुशतके पडून होता. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी तेथील हजारो हस्तलिखितांसह तो मिळवला.

त्या गुंडाळीच्या अखेरीस एक छोटी नोंद आहे. वांग चिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या नावे, विनामूल्य वाटण्यासाठी ती छापून घेतली, असा तिचा आशय आहे. हे वाचून आपल्याकडील कोणालाही ओळखीची खूण पटेल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ बुद्धवंदनेची पुस्तिका वाटण्याची प्रथा आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणजे ज्याला जग मुद्रणाचा अनमोल ठेवा मानते, तो मुळात एका सामान्य उपासकाने काढलेली धम्मदानाची प्रतच होती. ती मोलाची ठरली, कारण ती टिकली. आणि ती टिकली, कारण ती कोणीतरी, कोठेतरी सांभाळून ठेवली.

आपल्या कागदांचे असे झाले नाही. नागपूरचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० पासून ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे काढली. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले. बनसोड्यांच्या पत्रांचे अंक आज शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतात. त्यामागे नागपूरचेच वसंत मून यांचे परिश्रम होते. १९७९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या खंडांसाठी त्यांनी जन्मभर कागद गोळा केले. एका माणसाला आयुष्य खर्चून जे जमवावे लागले, ते प्रसिद्धीच्या वेळीच प्रती जतन झाल्या असत्या तर आयते मिळाले असते. तेव्हाच्या कार्यकर्त्यांपाशी अंक छापण्यापुरतेही पैसे नसत. त्यांना दोष देता येणार नाही. आपल्याला मात्र ही सबब नाही.

आज नागपुरात विहारांच्या स्मरणिका निघतात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर शेकडो पुस्तिका विकल्या जातात, वसतिगृहांचे वार्षिक अंक निघतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्या कशा शिकल्या, काय जेवल्या, कोणती गाणी गायल्या, कोणत्या गावांतून येथे आल्या, याची पहिली नोंद याच कागदांत असते. उद्याचा संशोधक ती शोधायला येईल, तेव्हा त्याला ती आपल्या घरच्या माळ्यावर मिळणार नाही. वाळवी आणि रद्दीवाला त्याच्या आधी तेथे पोहोचलेले असतील.

यासाठी करावयाचे काम लहान आहे. स्मरणिका किंवा पुस्तिका छापताना चार प्रती वेगळ्या काढाव्यात. प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि प्रसिद्धीची तारीख आत स्पष्ट छापावी. एक प्रत कोलकात्याला राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि उरलेल्या तीन प्रती कायद्याने नेमलेल्या इतर ग्रंथालयांकडे टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पुस्तक, कवितासंग्रह वा आत्मकथन प्रसिद्ध केले असेल, तर त्यांनी आपल्या प्रकाशकाकडे प्रती पाठवल्याची चौकशी करावी. जुन्या स्मरणिका ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या शाळेच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. एवढे झाले तर प्रस्तुत स्मरणिकाही त्या मराठी विभागात जागा मिळवील.

कोलकाता लगेच शक्य नसेल, तर पाहण्याची सवय जवळूनही लावता येते. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. नंदनवनहून निघालेले विद्यार्थी तेथे जाऊन दिवसभरात परत येऊ शकतात. तेथेही तेच चार प्रश्न विचारावेत. कोणी जपले, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थीच पुढे जपणारा होतो. काही वर्षांनी आपल्यापैकी एखादे कुटुंब कोलकात्याच्या वाचनकक्षात मागणीपत्रावर या स्मरणिकेचा क्रमांक लिहील आणि कर्मचारी ती आणून मेजावर ठेवील, अशी व्यवस्था आजच करून ठेवणे आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं.