चिखलाचा रंग कोणता?

१५ सप्टेंबर १९१६ च्या दिवशी फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर, अर्नेस्ट ब्रूक्स या ब्रिटिश छायाचित्रकाराने एका अजब यंत्राचा फोटो टिपला. तिरका दाबलेला लोखंडी चौकोन, त्याच्या कडेने वरून खाली फिरणारे पट्टे, दोन्ही कुशींना चिकटलेल्या तोफांच्या कोठड्या, मागे दोन चाकांचे शेपूट आणि डोक्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे उतरते छप्पर. यंत्राचा क्रमांक सी-१९, नाव ‘क्लॅन लेस्ली’. रणगाडे लढाईत उतरल्याचा जगाच्या इतिहासातला तो पहिला दिवस. छोट्या प्रमाणातली मॉडेल बनवणारी मंडळी शंभराहून अधिक वर्षांनीही हा फोटो भिंग लावून पाहतात. यंत्राच्या अंगावर वेड्यावाकड्या आकारांचे रंगीत डाग स्पष्ट दिसतात. पण फोटो आहे काळापांढरा.

हा ‘मार्क वन’ जातीचा रणगाडा. इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर कंपनीत विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन या दोघांनी त्याचा आराखडा घडवला. बेत फुटू नये म्हणून कारखान्यात पाण्याच्या टाक्या बनताहेत असे पसरवले गेले आणि ‘टँक’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. मराठीने मात्र वस्तूचे काम पाहून तिला रणगाडा म्हटले, आणि हा शब्द मूळ नावापेक्षा सरस आहे. कारण पहिला रणगाडा खरोखरच गाडा होता: वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचे, वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर. पहिल्या हल्ल्यासाठी ठरवलेल्या ४९ पैकी ३२ रणगाडेच ठरल्या जागेवर पोहोचू शकले. बाकीचे वाटेत बिघडले किंवा रुतले.

मॉडेलच्या दुनियेत अशा यंत्रासाठी बहुतेक जण ३५ पट लहान आकार निवडतात. या आकड्यामागे इतिहासातले कोणते शास्त्र नाही. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे मोटरवर चालणारे खेळणे काढले. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून जो आकार ठरला, तो साधारण ३५ पट लहान निघाला आणि पुढे जगभर रूढ झाला. या मापात शेपटासह मार्क वन सुमारे २८ सेंटिमीटर लांब भरतो. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने तो ७६ पट लहान मापात काढला होता. तो तळहातावर मावतो आणि अनेकांची पहिली ओळख त्यानेच झाली.

खोका उघडला की भाग सुटे मिळत नाहीत. ते प्लास्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. देठ कटरने कापायचा, उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा, आणि जोडण्यापूर्वी दोन भाग एकदा कोरडेच लावून पाहायचे. इथे वापरायचे सोल्यूशन डिंकासारखे चिकटवत नाही. ते प्लास्टिकच्या कडा विरघळवून एकमेकींत मुरवते. म्हणून थेंब जास्त झाला की शेजारचे रिव्हेट वितळून सपाट होते. पुढच्या पिढ्यांतल्या रणगाड्यांवर हे फारसे जाणवत नाही, पण मार्क वनचे सारे सौंदर्यच रिव्हेटमध्ये आहे. त्याचे पत्रे बॉयलरसारखे रिव्हेट ठोकून सांधलेले होते. अडीच सेंटिमीटरचे रिव्हेट मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटरचे होते, आणि अशी शेकडो असतात. सांध्यातली फट लांबीने भरताना एखादी ओळ घासली गेली, तर एकेक ठिपका पुन्हा बसवावा लागतो.

मग येतात पट्टे. खऱ्या यंत्राच्या प्रत्येक पट्ट्यात सुमारे ९० पोलादी कड्या असत, प्रत्येक अर्ध्या मीटरहून थोडी रुंद. काही किटमध्ये या कड्या सुट्या येतात; म्हणजे दोन्ही बाजू मिळून १८० तुकडे कापा, घासा, जोडा. कंटाळवाणे काम आहे, तरी ते टाळण्यात अर्थ नाही. पुढच्या काळातल्या रणगाड्यांत पट्टा चाकांपुरता खाली असतो. इथे तो साऱ्या अंगाला वळसा घालतो, त्यामुळे पट्टा फसला की मॉडेल फसले.

किट जोडताना साल चुकू नये, ही या छंदातली खरी कसोटी. शेपूट आणि जाळीचे छप्पर मार्क वनचे. शेपूट वळण्यासाठी होते. पण ते फारसे उपयोगी पडले नाही आणि लवकरच काढून टाकले गेले. छप्पर हातबाँब घरंगळून पडावेत म्हणून होते. १९१७ च्या मार्क फोरवर यातले काहीच नाही. उलट तिथे रुतलेला गाडा बाहेर काढण्यासाठी छतावर जाडजूड तुळई वाहिलेली दिसते आणि तोफेची नळी आखूड झालेली असते, कारण लांब नळी चिखलात घुसत असे. शिवाय नर-मादीचा फरक आहे. दोन तोफा असलेला ‘नर’, फक्त मशीनगनी असलेली ‘मादी’. ही त्या काळच्या सैन्याचीच भाषा. क्लॅन लेस्ली नर होता.

आता रंग. रणगाडे रंगवण्याच्या कामावर लष्कराने चक्क सॉलोमन जे. सॉलोमन हा नामवंत चित्रकार नेमला होता, रॉयल अकॅडमीचा सदस्य आणि व्यक्तिचित्रांसाठी गाजलेला. यंत्राची बाह्यरेषा मोडावी म्हणून त्याने वेगवेगळ्या रंगांचे मोठे डाग काढून त्यांना काळ्या रेघांच्या कडा दिल्या. फोटोवरून आकार मिळतात, छटा मिळत नाहीत. शिवाय त्या काळी फोटो ज्यांवर टिपत, त्या बहुतेक काचांना लाल रंग दिसत नसे. तांबूस छटा फोटोत काळपट उमटे, निळसर फिकट. त्यामुळे राखाडी छटांवरून रंग ओळखणे धोक्याचे. हिरवा, तपकिरी, राखाडी आणि गुलाबट अशी मांडणी बहुतेक जण स्वीकारतात, पण प्रत्येकाचा गुलाबट वेगळा.

डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमलाही हाच प्रश्न सोडवावा लागला. तिथे जगातला एकमेव उरलेला मार्क वन आहे. १९१९ पासून पन्नासेक वर्षे तो हॅटफिल्डच्या बागेत उघड्यावर उभा होता, जिथे १९१६ च्या सुरुवातीला नमुन्याच्या चाचण्या झाल्या होत्या. पुढे संग्रहालयात त्याला काही काळ क्लॅन लेस्लीचेच रूप देण्यात आले. म्हणजे खुद्द अस्सल यंत्रही त्या फोटोवरून रंगवलेले मॉडेलच झाले, फक्त मूळ मापातले.

मॉडेलवर आधी अस्तराचा रंग, मग एअरब्रशने फिकटापासून गडदाकडे डाग, आणि शेवटी बारीक ब्रशने काळ्या रेघा. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो, म्हणून जाणकार प्रत्येक छटेत थोडा पांढरा मिसळतात. त्यानंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग रिव्हेटभोवती सोडला की तो खाचेत जाऊन बसतो आणि प्रत्येक डोके उठून दिसते.

इथपर्यंत सगळे नेटके चालते. पुढचे काम या साऱ्यावर चिखल फासण्याचे, आणि तिथेच अभ्यासाची परीक्षा आहे. सॉलोमनचे डाग रणांगणावर मातीखाली गेले. थोड्याच काळात सैन्याने साधा तपकिरी रंग पत्करला. पण चिखल सगळीकडे सारखा नसतो. सोमची जमीन खडूची, तिची माती वाळली की पांढरट दिसते. १९१७ मध्ये इप्रजवळ पाशेंडेलच्या लढाईत चिकणमाती आणि पाऊस, तिथे गडद, ओला लगदा हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कांब्रेला चारशेहून अधिक रणगाडे उतरले ते तोफगोळ्यांनी न उकरलेल्या, घट्ट जमिनीवर. तिथे थर पातळच शोभतो. क्लॅन लेस्लीला गंजही बेताचाच द्यावा. ते यंत्र फ्रान्समध्ये येऊन काही आठवडेच झाले होते. बाजारातले गंजाचे सगळे रंग त्याच्यावर ओतणे चूक आहे.

अंगणातली माती चाळून लावावी, असा मोह नवख्याला होतो. पण एक मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड ठरतो. म्हणून प्लास्टरची वस्त्रगाळ पूड आणि कोरडे रंग मिसळतात. पट्ट्याच्या जमिनीवर घासणाऱ्या कडांवर मऊ पेन्सिल फिरवली की पोलाद उघडे पडल्यासारखे चमकते. धूळ नेमकी कुठे साचते आणि कुठे पुसली जाते, हे कळायला खऱ्या यंत्राजवळ जावे. महाराष्ट्रात त्यासाठी अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथे रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपासून पुढच्या अनेक पिढ्यांची वाहने पाहायला मिळतात, आणि पत्र्याची जाडी, सांध्यांची ठेवण जवळून न्याहाळता येते.

जाळीचे छप्पर सगळ्यात शेवटी चढवतात. लाकडाच्या काडीची चौकट आणि त्यावर ताणलेली बारीक तारेची जाळी. मग मापासाठी शेजारी एक माणूस उभा करतात. तो पाच सेंटिमीटर उंच भरतो आणि त्याच्या शेजारची ही लोखंडी पेटी सात. त्या पेटीच्या मधोमध उघडे इंजिन असे, आतली उष्णता पन्नास अंशांपर्यंत जाई, आणि नुसता गाडा वळवायला चौघे लागत. असे आठ जण आत बसत.