फोटो धूसर का येतो? फोन बदलण्याआधी हे पाहावे



पूर्वी उसावर काही वावगे दिसले की सभासद चार पाने तोडून, पिशवीत घालून गट कार्यालयात घेऊन येत. २००२ साली राज्यात लोकरी मावा आला, तेव्हा अशी पाने गावोगाव फिरवू नका म्हणून सांगावे लागले, कारण पानाबरोबर मावाही पुढच्या शिवारात जायचा. आता पान येत नाही, पानाचा फोटो येतो. येण्याजाण्याचा एक दिवस वाचतो आणि रोगही ज्याच्या त्याच्या फडात राहतो. सोय मोठी झाली. पण आमच्या विभागाच्या फोनवर येणाऱ्या फोटोंतले कितीतरी फोटो असे असतात, की ऊस आहे की मका एवढेही कळत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘साहेब, कॅमेराच गेलाय.’

खरोखर कॅमेरा गेलेला असतो का? बहुतेक वेळा नाही. हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आधी आमच्याकडून झालेली एक चूक कबूल करतो. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने संध्याकाळी घरी आणलेल्या पानाचा फोटो पाठवला. पिवळ्या दिव्याखाली काढलेला, थोडा हललेला, आणि पानाचा फक्त मधला भाग दिसत होता. पान पिवळट दिसले. जमीन चुनखडीची होती हे माहीत होते, म्हणून आम्ही केवडा समजून हिराकस फवारायला सांगितले. आठ दिवसांनी प्लॉटवर गेलो तर पोंग्याची पाने बुडाशी पांढरट पडून एकमेकांत मुरडलेली, काही शेंडे कुजायला लागलेले. तो पोक्का बोइंग होता. केवड्यात कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. पोक्का बोइंगची खूण पानाच्या बुडाशी असते, आणि बूड तर फोटोत नव्हतेच. सभासदाचे औषध गेले, मजुरी गेली आणि आठ दिवस गेले. दुसरा फोटो न मागता सल्ला दिला ही चूक आमची. तेव्हापासून फोटो नीट नसेल तर आम्ही सल्ला देत नाही, पुन्हा फोटो मागतो. त्याचा राग मानू नये.

गुलमंडीवरचा धडा

त्याच सुमारास आमच्या विभागाच्या फोनचाही फोटो धुक्यातून काढल्यासारखा येऊ लागला. एका दुकानात दाखवला, तर कॅमेरा बदलावा लागेल म्हणाले. पुढे दिवाळीच्या कपड्यांसाठी घरच्यांबरोबर छत्रपती संभाजीनगरला गुलमंडीवर जाणे झाले. मंडळी कापडाच्या दुकानात बसली, आणि आम्ही सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन बोळातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फोन उघडलाच नाही. मागचे कव्हर काढले, काचेवर फुंकर मारली, चष्म्याच्या फडक्याने ती दोन वेळा पुसली आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून आमच्या हातात दिला. पाटीवरचे बारीक अक्षरसुद्धा वाचता येत होते. पैसे किती म्हटले, तर म्हणाला, ‘कशाचे पैसे घेऊ? तुम्ही शेतातली माणसं. खिशात तंबाखू, चुना, माती, त्यातच फोन. काच पुसत जा.’

ऊस विकास अधिकारी म्हणून आम्ही लोकांना फवारणीचे नोझल साफ ठेवा असे वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि स्वतःच्या फोनची काच पुसायचे आम्हाला सुचले नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे आपण घाण सोडून कॅमेऱ्याला दोष देतो. म्हणून फोन दुकानात नेण्याआधी खालील गोष्टी ओळीने पाहाव्यात.

१. काच आणि कव्हर

कॅमेऱ्याची काच डाळीच्या दाण्याएवढी. तिच्यावर बोटाचा तेलकट डाग पडला तरी सगळा फोटो दुधाळ दिसतो आणि दिव्याभोवती वलय येते. आधी फुंकर मारून धूळ उडवावी, नंतर मऊ सुती फडक्याने पुसावी. धूळ असतानाच सदऱ्याच्या बाहीने घासली तर काचेवर चरे पडतात, आणि चरा पुसून जात नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नये. नव्या फोनवरची पातळ पारदर्शक पट्टी तशीच राहिली आहे का, किंवा कव्हरची कड काचेवर येते का, हेही पाहावे.

काचेच्या आतून वाफ धरली असेल तर पाणी शिरले असे समजावे. फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत आहे, पण तिचा उपयोग नाही. उलट तांदळाची भुकटी फोनच्या भोकांत जाते. हवेशीर जागी सुकू द्यावा, आणि तरीही वाफ गेली नाही तर मात्र दुकान गाठावे.

२. फोटो हललेला किंवा अंधुक

कॅमेऱ्याला कशाचा फोटो हवा ते आपण सांगावे लागते. पडद्यावर जिथे रोगाचा डाग दिसतो तिथेच बोट टेकवावे, क्षणभर थांबावे, चित्र स्पष्ट झाले की मग बटण दाबावे. बोट टेकवले नाही तर कॅमेरा मागचा बांध स्पष्ट दाखवतो आणि पुढचे पान अंधुक.

पान अगदी काचेला भिडवू नये. फार जवळची वस्तू साध्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसत नाही. वीतभर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू जवळ जावे. वाऱ्याने पान हलत असेल तर दुसऱ्या हाताने धरावे, नाहीतर कुणाला धरायला सांगावे. लांबून दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये. तसे केल्याने नवी माहिती मिळत नाही, आहे तेच चित्र फाटते. चार पावले पुढे जाणे कधीही चांगले.

संध्याकाळी फोटो हललेला येतो त्यालाही कारण आहे. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात आपला हात हलतो. कोपरे अंगाशी धरावीत किंवा फोन खांबाला टेकवावा. त्याहून सोपे म्हणजे सकाळी फोटो काढावा.

३. काळा फोटो, पांढरा फोटो, खोटा रंग

सूर्य समोर असला की ऊस काळा दिसतो. सूर्य पाठीशी किंवा बाजूला घ्यावा. ते जमत नसेल तर पडद्यावर काळ्या भागावर बोट टेकवावे. बऱ्याच फोनमध्ये तिथे सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते वर सरकवले की उजेड वाढतो. ऐन दुपारच्या उन्हात पान चकाकते आणि तांबेऱ्याचे ठिपके त्या चकाकीत लपतात. अशा वेळी पानावर स्वतःची सावली धरावी.

रोग ओळखण्यात रंग फार महत्त्वाचा. चेहरा गोरा करणारे, चित्र खुलवणारे जे प्रकार फोनमध्ये असतात (फिल्टर, ब्यूटी वगैरे), ते शेतात बंद ठेवावेत. ते पिवळे पान हिरवे करून दाखवतात. लग्नाच्या फोटोत ते चालेल, पिकाच्या फोटोत चालत नाही. पिवळ्या दिव्याखाली फोटो काढू नये, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

४. कॅमेरा उघडतच नाही

पडदा काळा राहतो किंवा ‘कॅमेरा सुरू होत नाही’ असा निरोप येतो. अशा वेळी घाबरू नये. उघडी असलेली बाकीची अ‍ॅप बंद करावीत. व्हिडिओ कॉल चालू असेल तर कॅमेरा तिकडे अडकलेला असतो. मग फोन बंद करून पुन्हा चालू करावा. कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

न मिटल्यास जागा शिल्लक आहे का ते पाहावे. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ साठून फोन भरला की नवा फोटो ठेवायला जागाच उरत नाही. नंतर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी आहे ना ते पाहावे. काही फोनमध्ये वरून खाली ओढायच्या पट्टीवर कॅमेरा बंद करण्याचे बटण असते. मुलांच्या हातून ते दाबले जाते आणि आपण दुकान शोधत बसतो.

आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत मोटारसायकलच्या टाकीवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला फोन इतका तापतो, की तो स्वतःच फ्लॅश किंवा कॅमेरा बंद करतो. तो बिघाड नव्हे. सावलीत ठेवावा, थंड झाला की चालू होतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते. बॅटरी अगदी उतरली असतानाही पुष्कळ फोनांचा फ्लॅश चालत नाही.

हे सगळे करून झाल्यावर पुढचा आणि मागचा दोन्ही कॅमेरे तपासावेत. एक चालतो आणि दुसरा काळा राहतो, किंवा फोन पडल्यापासून आत खडखड वाजते, तर बिघाड यंत्रात असण्याचा संभव मोठा. मग दुरुस्ती करावी. फोन दुकानात देण्यापूर्वी आपले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत, आणि बँकेचा किंवा पैशाच्या अ‍ॅपचा पिन कुणालाही सांगू नये.

५. फोटोची जागा आणि वेळ

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून ई-पीक पाहणी करण्याची पद्धत सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद त्यावरून होते. तिथे फोटोबरोबर आपण कुठे उभे आहोत हेही नोंदले जाते. म्हणून लोकेशन चालू असावे आणि त्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिलेली असावी. फोनची तारीख-वेळही आपोआप जुळणारी ठेवावी.

जागा आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. उंच उसाच्या मधोमध उभे राहिले की ती नीट लागत नाही. आपल्याच गटाच्या बांधावर मोकळ्या आकाशाखाली यावे आणि मिनिट-दोन मिनिटे थांबावे. रेंज नसली तरी जागा लागते, फक्त वेळ जास्त लागतो. घरी बसून किंवा शेजाऱ्याच्या फडात उभे राहून केलेली नोंद पुढे आपल्यालाच नडते. पाहणीची मुदत असते, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

६. आमच्याकडे फोटो कसा पाठवावा

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवते, त्यात बारीक ठिपके जातात. पाठवताना ‘एचडी’ची खूण दाबावी, किंवा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो मूळ स्वरूपात येतो आणि त्यात जागेची नोंद असेल तर तीही टिकते. इतरांनी पुढे ढकललेला फोटो पाठवू नये.

फोटो निदान चार असावेत. पहिला बांधावरून प्लॉटचा, म्हणजे रोग सगळीकडे आहे की एका कोपऱ्यात ते कळते. दुसरा एका पूर्ण बेटाचा. तिसरा पानाच्या वरच्या बाजूचा, बुडापासून शेंड्यापर्यंत. चौथा पानाच्या खालच्या बाजूचा, कारण लोकरी मावा आणि तांबेऱ्याचे फोड तिथेच सापडतात. पोंगा वाळलेला असेल तर तो उपटून त्याच्या बुडाचा फोटो काढावा. बेट सहज उपटून येत असेल तर हुमणीचा संशय घ्यावा, मुळ्या आणि सापडलेली अळी यांचा फोटो काढावा, शेजारी काडेपेटी ठेवावी म्हणजे आकार समजतो.

सोबत नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख (खोडवा असल्यास मागची तोड कधी झाली ते) आणि शेवटी कोणते खत व औषध दिले एवढे लिहावे. लिहिणे जमत नसेल तर बोलून पाठवावे, आम्ही ऐकून घेऊ.

शेवटी एक विनंती. फोटो कितीही चांगला असला तरी तो शेताचा एक तुकडाच दाखवतो. मुळाशी ओल किती, पोंग्याला वास येतो का, हे फोटोत दिसत नाही. शंका राहिली तर आम्ही प्लॉटवर येऊच. मात्र कुणाच्या बांधावर आधी जायचे हे तुमच्या फोटोवरूनच ठरते. धूसर फोटो पाठवणाऱ्याचा नंबर मागे पडतो आणि रोग काही त्याच्यासाठी थांबत नाही.

तेव्हा उद्या सकाळी फडात शिरताना फोन खिशातून काढावा आणि आधी काच पुसावी. याला पैसा लागत नाही.



आपला,
ऊस विकास अधिकारी