वय विचारून भाव



दवाखान्यात नवा रुग्ण आला की नावानंतर मी त्याचे वय विचारतो. औषध ठरवताना ते लागते. फी घेताना वयाचा विचार एकाच ठिकाणी होतो: साठी उलटलेल्यांना थोडी सवलत आहे, आणि ती दाराशी पाटीवर लिहिलेली आहे. वय विचारावे कशासाठी आणि त्यावरून पैसे कमीजास्त घ्यावेत का, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे दहा वर्षे खटले चालले. ती हकीकत तुम्हांला सांगायची आहे.

टिंडर हे जोडीदार शोधण्याचे ॲप २०१२ साली सुरू झाले. समोर आलेल्या व्यक्तीचा फोटो आवडला तर बोट उजवीकडे सरकवायचे, नाही तर डावीकडे. मूळ सेवा फुकट. मार्च २०१५ मध्ये कंपनीने 'टिंडर प्लस' ही जादा सोयींची वर्गणी आणली. तीस वर्षांखालील ग्राहकाला महिन्याला ९.९९ किंवा १४.९९ डॉलर, आणि तीस व त्यापुढच्यांना १९.९९ डॉलर. सेवा तीच, ॲप तेच, फरक फक्त जन्मतारखेचा.

असे का केले असेल? एक ग्राहक वाढला म्हणून अशा ॲपचा खर्च फारसा वाढत नाही. मग ज्याला जितके परवडेल तितके त्याच्याकडून घ्यावे, असा हिशेब होतो. गिऱ्हाईक पाहून भाव सांगणारा दुकानदार आपल्यालाही नवा नाही. पण त्याच्याशी घासाघीस करता येते, आणि शेजारच्याला काय भाव सांगितला तेही कानावर येते. मोबाइलवर प्रत्येकाला आपापलाच भाव दिसतो.

एका ग्राहकाने आपल्यासारख्या सगळ्यांच्या वतीने दावा लावला. आधार होता कॅलिफोर्नियाचा १९५९ सालचा अनरू नागरी हक्क कायदा. व्यवसायाने सर्व ग्राहकांना समान वागणूक द्यावी, असे तो सांगतो. त्यातील यादीत वंश, धर्म, लिंग वगैरे आहे, वय नाही. पण ती यादी केवळ उदाहरणादाखल आहे, मनमानी भेदभाव कोणताही चालणार नाही, असे तेथील न्यायालयांनी पूर्वीच म्हटले होते. स्त्रियांना ठरावीक दिवशी मिळणारी सवलतसुद्धा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली या कायद्याखाली अवैध ठरवली होती.

कंपनीचे म्हणणे असे की तरुणांच्या हाती पैसा कमी असतो, म्हणून त्यांना स्वस्त. खालच्या न्यायालयाने हे मानून दावा फेटाळला. जानेवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. तिशीपुढचे सगळेच सधन नसतात आणि तिशीखालचे सगळेच तंगीत नसतात. गटाच्या सरासरीवरून एका माणसाचा खिसा ठरवता येत नाही, हे त्याचे सूत्र. निकालाच्या शेवटी न्यायालयाने ॲपचीच भाषा वापरली आणि खालच्या निकालावर आपण बोट डावीकडे सरकवत आहोत, असे थट्टेने म्हटले.

हे वाचताना मला माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आठवले. वय सत्तेचाळीस. पत्नी गेली, पाठोपाठ कारखाना बंद पडला. त्यांचा सव्वीस वर्षांचा भाचा बंगळूरला नोकरीला आहे, पगार मामाच्या जुन्या पगाराच्या तिप्पट. दोघेही जोडीदार शोधत आहेत. जन्मतारखेवर भाव ठरला तर जादा पैसे मामाने भरायचे. होमिओपॅथीत आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवतात की एकाच वयाचे, एकाच तक्रारीचे दोन रुग्ण आले तरी दोघांची हकीकत वेगवेगळी लिहून घ्या. न्यायालयाने दुसऱ्या शब्दांत तेच सांगितले.

मग मुलांना सिनेमाचे अर्धे तिकीट आणि ज्येष्ठांना सवलत, हेही चूक का? नाही. तिथे समाजाने उघडपणे मान्य केलेला हेतू असतो आणि नियम सर्वांना ठाऊक असतो. आपल्या रेल्वेत मार्च २०२० पर्यंत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. ती बंद झाली तेव्हा आपण बोलू शकलो, कारण ती काय होती हे आपल्याला माहीत होते.

आता तडजोडीची गोष्ट. पहिला दावा चालू असताना २०१८ मध्ये दुसऱ्या एका ग्राहकाने केंद्रीय न्यायालयात तसाच दावा लावला आणि त्यात लवकरच तडजोड झाली. मागणी करणाऱ्याला २५ डॉलर, किंवा महिन्याची वर्गणी, किंवा ॲपमधील काही सोयी. अनरू कायद्याखाली एका उल्लंघनाची किमान भरपाई ४,००० डॉलर आहे, हे इथे लक्षात घ्या. एक टक्क्याहूनही कमी लोकांनी मागणी केली. वकिलांची फी मात्र दहा लाख डॉलरहून अधिक ठरली. वरच्या न्यायालयाने २०२१ साली ही तडजोड रद्द केली. ती पुन्हा मंजूर झाली, तेव्हा २०२३ साली पुन्हा रद्द केली. कारण असे, की सर्वांच्या वतीने उभी राहिलेली ग्राहक स्वतः लवादाच्या अटीने बांधलेली होती, पण गटातील हजारो जण तसे बांधलेले नव्हते. जिचे हितच वेगळे, ती त्यांच्यासाठी नेटाने कशी भांडणार? अखेर २०२५ साली मूळच्या दाव्यात ६ कोटी ५ लाख डॉलरची तडजोड झाली.

हा विषय आपल्या दारापर्यंतही आलेला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोझिला आणि कन्झ्युमर्स इंटरनॅशनल या संस्थांनी सहा देशांतील टिंडरचे भाव तपासले. त्यात भारत होता. ब्राझील सोडता इतरत्र ३० ते ४९ वयाच्यांना तरुणांपेक्षा सरासरी ६५.३ टक्के जास्त मोजावे लागत होते. त्यानंतर वयावरून भाव ठरवणे सर्व देशांत बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात की एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करू नये आणि त्यांच्या हक्कांना बाधा येईल असे मनमानी वर्गीकरण करू नये. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, अनेकांची तक्रार एकच असेल तर जिल्हा आयोगाच्या परवानगीने एक ग्राहकही सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतो. सामूहिक दाव्याचे हे आपले रूप.

म्हणून एक छोटी गोष्ट करून पाहा. पुढच्या वेळी कोणत्याही ॲपची वर्गणी भरण्यापूर्वी मुलाच्या किंवा नातवाच्या मोबाइलवरचा भाव शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर दोन्ही पडद्यांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवा आणि कंपनीला कारण विचारा. आणि कुणी 'आम्ही तुमच्या सर्वांच्या वतीने भांडतो' म्हणत सही मागायला आले, तर त्याचे आणि तुमचे नुकसान एकच आहे का, हे आधी विचारा. सही त्यानंतर.