शिंगराच्या कानी ताशा

लगामाचा भाग या आठवड्यात देतो म्हणालो होतो, तो एका आठवड्याने पुढे ढकलतो. कारण विट्याच्या एका वाचकाचं पत्र. त्यांचं दीड वर्षाचं शिंगरू म्होरकी घालून घेतं, चारही खूर उचलू देतं, हाक मारली की येतं. मात्र रस्त्यावरून वरात निघाली की दावं तोडून थेट उसात. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘वारीतले घोडे एवढ्या गर्दीत, टाळ-मृदंगात पळतात, ते कुठल्या मातीचे?’

आधी वारीतल्या घोड्यांकडे जाऊ, कारण ते आपल्या दारावरूनच जातात. माउलींच्या पालखीसोबतचे दोन्ही अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, त्यामुळे पालखीला घोडे आणि लवाजमा हवा हे त्यांना सुचलं, आणि शितोळ्यांनी ते पुरवले. ती सेवा आजही चालू आहे. दरवर्षी हे अश्व अंकलीहून मिरज-सांगलीवरून, पुढे सातारा जिल्हा पार करत आळंदीला जातात. सुमारे तीनशे किलोमीटर, दहा-अकरा दिवस, आणि पायी.

या ‘पायी’मध्ये उत्तराचा निम्मा भाग आहे. ट्रकमध्ये चढवून एका रात्रीत आळंदीला उतरवले असते, तर त्याच घोड्यांची गर्दीत काय गत झाली असती कोण जाणे. वाटेत आधी एखादी एसटी, मग ऊस नसलेली रिकामी ट्रॉली खडखडत जाते, मग एखाद्या गावाची हलगी, मग मोठ्या गावाचं स्वागत. आवाज एकेक पायरीने वाढतो आणि दोन पायऱ्यांच्या मधे चालायला मोकळा रस्ता मिळतो. मग आळंदीहून निघालेली पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते आणि पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तिथे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून, पाठीवर स्वार नसलेला माउलींचा अश्व दौडतो, तेव्हा त्याच्या लेखी ती गर्दी नवी उरलेली नसते. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अंगावर झेपावतात, तरी तो बुजत नाही.

आता शिंगराचा कान बघा. माणसाला साधारण वीस किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला त्याच्याही पुढे, तेहतीसच्या आसपास. डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळासमोरची आणि शेपटीमागची पट्टी तेवढी आंधळी. म्हणजे ताशा भिंतीआड असला तरी कानाला कळतं आणि डोळ्याला काही सापडत नाही. असा न दिसणारा आवाज घोड्याला सगळ्यात जास्त छळतो. पळणं हे त्याचं मुख्य हत्यार. त्या क्षणी तुम्ही दावं आवळलंत, तर ते हत्यारही काढून घेतलंत. मग तो मागे रेटतो, मानेला हिसका बसतो, आणि ‘आवाज झाला की मान दुखते’ एवढा एकच धडा पक्का होतो.

हा धडा शिंगरू आईजवळ असतानाच टाळता येतो. फ्रान्समध्ये रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५च्या सुमारास एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस त्यांनी त्याला हातच लावला नाही. रोज थोडा वेळ फक्त घोडीला खरारा केला, हातून खाऊ घातलं. शिंगरू शेजारी उभं राहून बघत होतं. ही शिंगरं पुढे माणसाला इतरांपेक्षा कमी बुजली, आणि फरक वर्षभरानंतरही दिसला. आई ज्याला भीत नाही, त्याला भिण्याचं कारण नाही, एवढा हिशेब पोराने मांडला.

आपल्या धनगरांना यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. माण, खटाव, फलटण, आटपाडीकडचे कळप दिवाळीनंतर कोकणच्या वाटेला लागतात, तेव्हा भीमथडी घोडीच्या पाठीवर सगळा संसार असतो. पाल, भांडी, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. शिंगरू मोकळंच तिच्या बाजूने चालतं. घाटात ट्रकने हॉर्न मारला की ते आधी आईकडे बघतं. तिचा एक कान वळतो, पाय थांबत नाहीत, ओझ्यातली भांडी वाजत राहतात. शिंगरू दोन उड्या मारून पुन्हा तिच्या फऱ्याला चिकटतं. जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या संस्थेने या जातीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद अलीकडे केली, ते चांगलंच झालं. पण तिचा थंड स्वभाव या वाटचालीत घडतो. तबेल्यात बांधून ठेवलेल्या भीमथडीकडून त्याची अपेक्षा धरू नका.

विट्याच्या शिंगराची आई आता जवळ नाही. मग तिच्या जागी एखादी निवांत, वयस्क घोडी आणा, शेजाऱ्याची असली तरी चालेल. दोघांना शेजारी उभं करून समोर चंदी ठेवा. ताशावाला पोरगा शेताच्या पार टोकाला, पण डोळ्यांना दिसेल असा. हळू वाजवायचं, थोडंच, आणि शिंगरू पुन्हा चघळायला लागलं की थांबायचं. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या आणि तोंडातला घास तसाच, म्हणजे पोरगा फार जवळ आलाय. त्याला मागे न्या, शिंगराला पुढे ओढू नका. मान खाली आली, ओठ चाटले, एक कान तुमच्याकडे वळला, की आजचं काम संपलं. उद्या चार पावलं जवळ, आणि दुसऱ्या बाजूनेही. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजवीकडून आली की पुष्कळ घोडी नव्याने बुजतात. झेनोफन या लेखकाने ग्रीसमध्ये सुमारे दोन हजार चारशे वर्षांपूर्वी शिंगराला गर्दीतून हिंडवायला सांगितलं होतं, आणि बुजलं तर चिडून नव्हे, चुचकारून समजवायला. त्यात मला भर घालावीशी वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. फटाके आणि भिंतीएवढ्या डीजेची सवय करू नये. ती होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या घोड्याच्या कातडीवरचा थरकाप जवळून पाहावा. उभा राहिला म्हणजे भीती गेली असं नाही. कित्येकदा पळून उपयोग नाही एवढंच त्याला कळलेलं असतं. चाबकाच्या धाकाने बाजेवर नाचवलेल्या घोड्यांचंही तेच. त्यांच्या नाचाला मी टाळ्या वाजवत नाही.

लगाम पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर विटेकरांना एकच विनंती, ताशाच्या वेळी दोरी हाताला गुंडाळून उभं राहू नका. दोरी मुठीत धरा आणि शिंगरू उधळलंच तर सोडून द्या. उसातून ते परत येईल.