खुर्ची नको, माईक पुरे

लेखकानं लिहावं आणि घरी बसावं, असं मानणारे समीक्षक आपल्याकडे पूर्वीही होते, आजही आहेत. कथाकथनानं मराठी कथा नासली, टाळ्यांच्या नादानं चांगले लेखक वाया गेले, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. परिसंवादांतून तो इतक्यांदा ऐकलाय की चिडायचाही कंटाळा येतो. तरी आज एकदा चिडून घेतो.

रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, टिळकांचा गणेशोत्सव, हे वाचकांना पाठ आहे. शिवाजी पार्कवरच्या अत्र्यांवर तर दर दिवाळीला एक लेख येतोच. यंदाचाही कुणीतरी लिहिला असेल.

मी सुरुवात करतो माटुंगा लेबर कॅम्पापासून. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले अण्णा भाऊ साठे तिथं राहिले, तिथंच गाऊ-लिहू लागले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर बसलेल्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. म्हणजे हा लेखक वाचकांपर्यंत पोचला तो वाचता न येणाऱ्यांच्या मार्गानं. 'फकिरा' 1959 ची. तोवर अण्णा भाऊंची गाणी गिरणगावाच्या तोंडी बसलेली होती. 1969 च्या पावसाळ्यात आधी ते गेले, पाठोपाठ अमर शेख. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 सालचा. त्यांची कविता एकदा त्यांच्या तोंडून ऐकली की पुढं पुस्तकातही तोच आवाज येत राहतो.

पुलंची 'बटाट्याची चाळ' 1961 साली रंगमंचावर आली आणि तिकीट काढून लेखक ऐकायची सवय मुंबईला लागली. त्यावर नवं सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. बापट, पाडगावकर आणि विंदा या त्रयीनं कवितेला तेच भाग्य मिळवून दिलं. त्यांतले विंदा शीवच्या एस.आय.ई.एस. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून आम्ही अँटॉप हिलवाले उगाच त्यांना आपल्या शेजारचे समजायचो.

आता माझ्या आवडीचं. नोकरी संपेपर्यंत मी अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी क्वार्टर्समध्ये राहिलो. एका जिन्यावर तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी अशी बिऱ्हाडं. हाकेच्या अंतरावर मराठी नाट्यगृह नव्हतं. दादर नाहीतर परळ गाठायचं आणि हार्बरची गाडी सांभाळून परतायचं. त्यामुळं आमचं नाट्यगृह म्हणजे गणपतीचा मांडव. ऑर्केस्ट्राला वर्गणी पुरायची नाही. कथाकथन परवडायचं: एक माणूस, एक माईक, पाण्याचा तांब्या. कार्यकारिणीत मी दरवर्षी त्यासाठीच भांडायचो. विरोधी पक्षाचं म्हणणं, नुसतं बोलणं कोण ऐकणार? लोक ऐकायचे. बायका कुकर उतरवून यायच्या, गॅलऱ्या भरायच्या.

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी ही वाट मळवली. तिघांनाही पुढं साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं: माडगूळकर 1983 ला अंबाजोगाईत, पाटील 1985 ला नांदेडला, मिरासदार 1998 ला परळीत. वाया गेलेल्या लेखकांची यादी करणाऱ्यांनी हेही नोंदवावं. मिरासदार 'माझ्या बापाची पेंड' सांगायचे तेव्हा हशा उतरेपर्यंत थांबायचे. त्या थांबण्यातच अर्धी कथा असायची. छापील पानावर ही जागा दिसत नाही, पण एकदा ऐकली की डोळा तिथं आपोआप थबकतो.

आणि वपु. वपु काळ्यांचं नाव काढलं की गंभीर मंडळी घड्याळाकडं बघतात. महानगरपालिकेत वास्तुरचनाकाराची नोकरी, वडील पु. श्री. काळे रंगभूमीचे नेपथ्यकार. मंचावर कोण कुठं उभा राहतो, उजेड कुठून येतो, याचं भान घरातूनच आलेलं. दादर-परळच्या सभागृहांत त्यांना ऐकताना वाटायचं, हा माणूस आपल्याच क्वार्टर्समधली भांडणं चोरून ऐकून गेलाय. कारकून, बिल्डिंगमधला शेजारी, कातावलेली बायको. समोर बसलेलेच कथेत. कथा सैल झाली की खुर्च्या करकरायच्या, आणि ते वपुंना आमच्याआधी कळायचं. संपादक हस्तलिखित महिनाभर ठेवून जे सांगतो, ते श्रोता मिनिटात सांगतो. भावुकपणाचा आरोप मला मान्य आहे, थोडा. पण त्यांच्या कॅसेट ऐकून पुस्तकाकडं वळलेली माणसं मी पाहिली आहेत. समीक्षा वाचून वळलेलं कुणी अजून भेटायचं आहे.

तिकडं विलायतेत डिकन्स 1858 पासून पैसे घेऊन स्वतःच्या कादंबऱ्या वाचायचा आणि तब्येत ढासळली तरी थांबत नव्हता. त्याला वाया गेलेला म्हणायची छाती आहे?

आता लेखक मंचावर येतो तो सोफ्यावर बसायला. समोर मुलाखतकार. लेखनप्रक्रिया, प्रेरणा, आगामी संकल्प. तासभरात स्वतःच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचला जात नाही. खाली सह्यांची रांग, सेल्फी. मोबाइलवर कथा ऐकायची सोय झाली, उत्तमच. पण कानात बोंडं घालून ऐकणाऱ्याचा खोकला लेखकाला ऐकू येत नाही. कसलेला नट वाचतो, लेखक घरी. समीक्षकांना हवं होतं तसंच झालं म्हणायचं. परळचं दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, त्याची हळहळ झाली. पण नाट्यगृहाआधी मांडव गेले. तिथं आता डीजे असतो.

जुन्या कॉलनीतली मुलं अजून वर्गणीला फोन करतात. मी पैसे देतो, अट घालून: एक संध्याकाळ लेखकाची, मुलाखतकाराविना, चाळीस मिनिटं, स्वतःची कथा. गेल्या गणपतीत एका तरुण लेखकाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, मला वाचायचं टेन्शन येतं, प्रश्नोत्तरं ठेवा ना." यंदा दुसऱ्याला विचारतोय.