साडेसातशे फुटांची रांग

राहण्याजोग्या वस्तीचा अभ्यास म्हटलं की डोळ्यांपुढे महानगर येतं. धाराशिव जिल्ह्यात तो धडा गावांनी दिला, आणि तोही फार महाग.

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. मूळ संस्था 1936 सालची, मुंबईची. इथला ग्रामीण परिसर 1980च्या दशकातला. इथल्या विद्यार्थ्यांना वर्गाइतकंच गावांत फिरावं लागतं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे याच भागातला सास्तूर-किल्लारीचा पट्टा भूकंपानं हादरला. माती-दगडाच्या जाडजूड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. वर माळवद, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवलेलं. ते सगळं झोपलेल्यांवर आलं. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया मात्र उभ्याच राहिल्या. पण ते पाहायला सवड कुणाला होती? दगडाची इतकी धास्ती बसली की लोकांनी सिमेंटच मागितलं.

जागतिक बँकेच्या मदतीनं लातूर-धाराशिवची 52 गावं नव्या जागी उठली. घर किती मोठं, हे जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि हेक्टरभरवाल्याला 250 चौरस फूट, मधल्यांना 400, सात हेक्टरांच्या वर असेल तर 750. घरंही त्याच हिशेबानं रांगेत बसली. जुन्या आळीतले शेजारी पांगले. रस्ते रुंद झाले, गाव लांबलं. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, हे आराखड्यात फारसं नव्हतं. लोकांनी मग पत्र्याची शेडं स्वतःच उभारली.

स्थलांतरित गावांत लोकसहभागाचं काम टाटा संस्थेकडे होतं. जी गावं हलली नाहीत, जागेवरच दुरुस्त झाली, तिथे ते प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आलं. या गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या आणि घरमालक गवंड्याच्या शेजारी उभा राहिला. मला या पुनर्वसनातलं हेच अधिक शहाणपणाचं काम वाटतं. पुढे संशोधक रोहित जिग्यासू यांनी नॉर्वेतल्या विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी हाच मुलूख अभ्यासला. स्थानिक कारागिराचं ज्ञान बाजूला पडल्यानं काय गमावलं, हा त्यांचा विषय.

आता धाराशिव, तुळजापूर, उमरगा ही शहरं पसरताहेत. शेत बिगरशेती होतं, मुरमाचे रस्ते आखतात, प्लॉट विकतात. गटार कुठून न्यायचं याची चर्चा इथेही नंतर. टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी लांब जायला नको. या लेआउटांतल्या घरोघरी विचारत फिरावं; नगरपालिकेला अहवाल फुकटात मिळेल.