पिकअप खाली घेताना

कापसाच्या हंगामात खामगावच्या बाजारपेठेत रिकाम्या पिकअप उभ्या असल्या, की त्यांची ठेवण लगेच नजरेत भरते. मागचा भाग उचललेला आणि नाक जमिनीकडे. माल चढत जातो तसा हौदा बसत जातो, आणि भरलेली गाडी रस्त्याला जवळजवळ समांतर होते. रिकाम्या गाडीची मागची उंची म्हणजे अजून न चढलेल्या मालासाठी राखून ठेवलेली जागा असते. जुनी पिकअप ‘लो’ करायची हौस असेल, तर खर्च होते ती हीच राखीव जागा. किती खर्चायची आणि बदल्यात काय सोडायचं, हे पाना हातात घेण्याआधी ठरवावं लागतं.

ही हौस मूळची अमेरिकेतली. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतले तरुण दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या गाड्या जमिनीलगत आणू लागले. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली येता कामा नये, असा नियम कॅलिफोर्नियाने १९५८च्या सुमारास केला. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले आणि गाडी हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली करून दाखवली. पुढे शेव्हरोलेच्या सी-१० सारख्या कामकरी पिकअपही या नादात आल्या.

आपल्याकडे जुनी पिकअप म्हटलं की आधी जीपचं घराणं आठवतं. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांनी पुढची अनेक दशकं माणसं आणि माल दोन्ही वाहिले. १९८८ मध्ये टेल्कोची टाटामोबाइल आली. बुलढाणा जिल्ह्यात, एमएच-२८ च्या पाट्या लावून, अशा गाड्यांनी कापूस, सोयाबीन, खताची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं सारखीच ओढली. त्या सगळ्या ओझ्याखाली मागे होते ते कमानपाटे.

कमानपाट्याची रचना साधी आहे. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची टोकं वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा चेसिसला पिनने पक्का, दुसरा झुलत्या शॅकलला, कारण ओझ्याने कमान सपाट होताना पाट्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट लागते. मेन पाट्याखाली एकेक आखूड होत जाणारे पाटे, मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळा गठ्ठा यू-बोल्टांनी धुऱ्याला आवळलेला. ताठपणाचं गणित मात्र फसवं असतं. पाट्यांची संख्या वाढली तर ताठपणा त्याच प्रमाणात वाढतो, पण जाडी वाढली तर तिच्या घनाच्या प्रमाणात. ६ मिलिमीटरच्या पाट्याजागी ८ मिलिमीटरचा टाकला, तर तो एकटा पाटा दुपटीहून जास्त ताठ होतो.

हे गणित पाटेवाल्यांच्या हाताला ठाऊक असतं, पण ते वापरलं जातं उलट्या दिशेने. हंगाम तोंडावर आला की गाडीवाला येतो आणि पाटा वाढवून घेतो. त्यामुळे जुन्या पिकअपची आजची उंची बरेचदा कंपनीची नसतेच. ती मागच्या मालकांनी वाढवलेल्या पाट्यांची असते. म्हणून नियोजनाची पहिली पायरी फुकटातली आहे: गठ्ठा उघडून पाटे मोजणे आणि मूळ संचाशी ताडून पाहणे. वरून घातलेले पाटे निघाले, की हवी तेवढी उंची तिथेच उतरण्याची शक्यता असते. मग गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचं वजन वेगवेगळं घेतलं, तर रिकाम्या गाडीला खरोखर किती पाटे लागतात याचा अंदाज येतो.

तेवढ्याने भागलं नाही तर तीन वाटा उरतात. पहिली, मूळ संचातला एखादा पाटा कमी करणे. यात मेन पाट्याला लागून असलेला दुसरा पाटा कधीही काढू नये. डोळ्याजवळ मेन पाटा तुटला तर धुरा सांभाळायला तोच असतो. दुसरी वाट कमान उतरवण्याची. हे काम थंड पाट्यावर, प्रेसखाली व्हायला हवं. भट्टीत लाल करून सरळ केलेल्या पाट्याचा टेम्पर जातो आणि तो महिन्याभरात बसतो.

तिसरी वाट पाटा आणि धुरा यांचं नातं बदलण्याची, आणि इथे गाडीचं घराणं महत्त्वाचं ठरतं. विलिस वंशाच्या जुन्या जीपमध्ये पाटे धुऱ्याच्या खाली असतात. तिथे दोघांच्या मध्ये लोखंडी ब्लॉक घातला की ब्लॉकच्या उंचीएवढी गाडी खाली येते. यू-बोल्ट मात्र नवे आणि लांब घ्यायचे; एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये पाटे धुऱ्याच्या वर असतात. तिथे धुरा पाट्यांच्या वर घेतला तर उतार एकदम मोठा पडतो. धुऱ्याची नळी ३ इंच आणि गठ्ठा २ इंच जाड असेल, तर गाडी साधारण ५ इंच खाली जाते. तेवढ्यात धुरा चेसिसला टेकतो, म्हणून चेसिसला खालच्या बाजूने अर्धगोल खाच पाडून पट्टीचा जोड द्यावा लागतो. हौसेची गाडी इथे वेल्डिंगच्या भरवशावर जाते.

कुठलीही वाट घेतली तरी बम्प रबरापासूनचं अंतर आधी मोजावं. ते ४ इंच असेल आणि गाडी २ इंच उतरवली, तर चाकाला वर जायला निम्मीच जागा उरते. शॉकअप आखूड लागतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात थरथर येते. पुढेही पाटे असतील तर स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. ज्या पिकअपच्या मागच्या धुऱ्याजवळ ब्रेकचा लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तिथे धोका आणखी लपलेला आहे. चेसिस आणि धुरा यांतलं अंतर कमी झालं की हा व्हॉल्व्ह गाडी भरलेली आहे असं समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असते, मागची चाकं लॉक होतात. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटाच्या उतारावर, पावसात, हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्येच व्हॉल्व्हचा दांडा जुळवून घेतलेला बरा.

रस्त्याचाही हिशेब करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावरून जाताना पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. पण गावच्या वेशीवर रातोरात उभा राहिलेला अरुंद उंचवटा दोन्ही चाकांच्या मधोमध आला, की त्याची अख्खी उंची पोटातून वजा होते. उतरवलेल्या गाडीचं भवितव्य समृद्धी महामार्गावर ठरत नाही, अशा वेशींवर ठरतं.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय दिली, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. खाच पाडलेली चेसिस तो मान कायमचा गमावू शकते.

म्हणून या जिल्ह्यात शहाणपणाचा आराखडा दोन इंचांच्या आतला, नटबोल्टांचा, उलटवता येईल असा. कापणं नाही, वेल्डिंग नाही, आणि सुरुवात करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा. काढलेले पाटे लोहाराला देऊ नयेत. पाट्याच्या पोलादाचे कोयते उत्तम होतात, त्यामुळे तो मागणारच. ते क्रमाने तारेने बांधून ठेवावेत. गाडी पुढे विकली गेली आणि नव्या मालकाला तिच्यात पुन्हा पोती भरावीशी वाटली, तर ते पाटे त्याच्या हाती असायला हवेत. आणि जी पिकअप आजही घर चालवते, तिला खाली घेऊच नये. हौदा कामातून निवृत्त झाला आहे, हे मालकाने आधी स्वतःशी कबूल करावं. इंचांची चर्चा त्यानंतरची.